खरी कातडी, खोटा प्राणी

१८२२ सालच्या जानेवारीत सॅम्युअल बॅरेट ईड्स नावाचा एक अमेरिकन कप्तान बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या बंदरात होता. तिथल्या डच व्यापाऱ्यांकडे त्याने एक वाळलेली जलपरी पाहिली. वरचा अर्धा देह आक्रसलेला, दात विचकलेला, माणसासारखा. खाली माशाची खवल्यांची शेपटी. ईड्स तिच्यावर असा भाळला की ती विकत घेण्यासाठी त्याने आपलं जहाज विकून टाकलं. जलपरीची किंमत होती ५,००० स्पॅनिश डॉलर. जहाजात त्याचा स्वतःचा वाटा मात्र एक अष्टमांशच होता. उरलेल्या सात भागांचा मालक लंडनमध्ये होता आणि त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

त्याच वर्षी शरद ऋतूत ईड्सने लंडनच्या एका कॉफीहाउसमध्ये जलपरी मांडली आणि तिकीट लावलं. गर्दी झाली. तिला खरी म्हणणारा एक डॉक्टरही मिळाला. पण रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहालयाचे विल्यम क्लिफ्ट यांनी ती नीट तपासली तेव्हा त्यांना कवटी ओरांगउटानची दिसली, दात बबूनचे आणि खालचं शरीर एका मोठ्या माशाचं. ही गोष्ट गुप्त ठेवायचं ठरलं होतं, तरी ती फुटलीच. जहाजाचा मालक कोर्टात गेला. पुढचं सगळं आयुष्य ईड्सने समुद्रावर नोकरी करून ते कर्ज फेडण्यात घालवलं. त्याच्यामागे मुलाच्या हाती काय आलं, तर जलपरी. त्याच्याकडून ती बॉस्टनच्या एका संग्रहालयवाल्याकडे आणि तिथून १८४२ साली भाड्याने न्यूयॉर्कच्या पी. टी. बार्नमकडे गेली, असं बार्नमच सांगतो.

बार्नमचा प्रकार वेगळा. त्याने आधी एका निसर्गअभ्यासकाला ती दाखवली. हे कसं बनवलं असेल ते मला सांगता येत नाही, असं तो म्हणाला. मग बनावट कशावरून? जलपऱ्या नसतातच, म्हणून. बार्नमने आत्मचरित्रात हा संवाद मोठ्या चवीने सांगितला आहे. नंतर त्याने आपल्याच एका माणसाला इंग्रज निसर्गतज्ज्ञाचं सोंग देऊन शहरात आणलं आणि वर्तमानपत्रांतून देखण्या, तरुण जलपऱ्यांची चित्रं छापून आणली. तिकीट काढून आत गेलेल्यांना दिसलं ते तीनेक फुटांचं काळपट, सुरकुतलेलं मढं. संग्रहालयाची कमाई मात्र जवळपास तिप्पट झाली.

हा इतिहास वाचायचा नाद मला कोलकात्यात लागला. तौलनिक साहित्यात एम.ए. करायला मी तिथे गेले आणि तिथलीच झाले. १८१४ साली स्थापन झालेल्या तिथल्या इंडियन म्युझियमला बंगाली माणूस ‘जादूघर’ म्हणतो. पेंढा भरलेले प्राणी पाहताना माझी नजर नेहमी त्यांच्या पोटाखालच्या शिवणीकडे जायची. पुढे मी बंगालीतून मराठीत भाषांतरं करू लागले आणि शिवण लपवणं हा माझाच धंदा झाला. तेव्हा हे सगळं मी गंमत म्हणून वाचत होते. दोन वर्षांपूर्वी एक पत्र आलं आणि गंमत संपली. त्या पत्राकडे मी येणार आहे, पण आधी एक प्रश्न सोडवून पाहायचा आहे. अशा बनावट प्राण्यात खोटं असतं ते नेमकं कुठे?

पहिलं उत्तर सोपं वाटतं: प्राणीच खोटा. पण ईड्सच्या जलपरीतली कवटी खरी होती, दात खरे होते, मासाही खरा होता. सोळाव्या शतकात युरोपातले औषधविके रे जातीच्या चपट्या माशाला कापून, पीळ देऊन, वाळवून त्याचा पंखवाला ड्रॅगन करत आणि गिऱ्हाइकांना दाखवत. कॉनराड गेस्नर या स्विस विद्वानाने १५५८ सालच्या आपल्या ग्रंथात या लबाडीबद्दल सावध केलं आहे. त्या ड्रॅगनमध्ये तर शिवणही नव्हती. एकच मासा, संपूर्ण खरा, फक्त वेगळ्या आकारात वाळवलेला.

त्याच्याही आधी, तेराव्या शतकाच्या अखेरीस, मार्को पोलोने सुमात्रात चालणारा असाच एक उद्योग नोंदवला आहे. माणसासारख्या तोंडाची छोटी माकडं पकडायची, हनुवटी-छातीवरचे सोडून बाकीचे केस उपटायचे, मग वाळवून, भरून, केशर वगैरे चोपडून त्यांची बुटकी माणसं करायची. ही माणसं भारतातली म्हणून युरोपात जात. ती शुद्ध फसवणूक आहे, इतकी छोटी माणसं भारतात किंवा कुठेच नाहीत, असं पोलो ठामपणे सांगतो. आपल्या देशाच्या नावावर काय काय खपलं आहे, याच्या यादीत ही वाळलेली माकडंही धरायला हवीत.

आता कुणी म्हणेल, जोडलेले प्राणी आपल्याकडे काय कमी आहेत? महाराष्ट्रातल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ आहेत, गंडभेरुंड आहेत. देवळादेवळांत व्याल आणि मकर आहेत. ओडिया महाभारतात सारळा दासांनी नऊ प्राण्यांच्या अवयवांचा नवगुंजर उभा केला. या सगळ्यांना कुणी बनावट म्हणत नाही. दरवाजावरचा शरभ, मला अमुक रानात पकडलं, असं सांगत नाही. तो दगडात आहे, आणि दगडात काहीही घडवता येतं हे पाहणाऱ्यालाही माहीत असतं. कातडीचं तसं नाही. कातडी साक्ष देते. एक जीव होता, तो असा होता, असं ती तोंड न उघडता सांगते. जलपरीचं चित्र पाहून कुणी जहाज विकलं नसतं. ईड्सने जहाज विकलं कारण दात खरे होते, कवटी खरी होती. खोट्याला उभं राहायला खऱ्याचेच पाय लागतात.

म्हणून दुसरं उत्तर मला बरीच वर्षं पटलं होतं: खोटं वस्तूत नसतं, तिच्याबरोबरच्या चिठ्ठीत असतं. जपानमध्ये ओकायामा प्रांतात एन्जुइन नावाचं एक बौद्ध मंदिर आहे. तिथे सुमारे ३० सेंटिमीटरची एक वाळलेली जलपरी जपून ठेवलेली आहे. अठराव्या शतकात तोसाच्या समुद्रात ती जाळ्यात सापडली, असं पेटीतली चिठ्ठी सांगते. लोक तिच्याकडे दीर्घायुष्य मागत आले. करोनाच्या काळात मंदिराने तिच्याकडे साथ हटावी म्हणून प्रार्थना केली. २०२२ साली कुराशिकीतल्या एका विद्यापीठाने मंदिराच्या संमतीने तिचा अभ्यास सुरू केला आणि पुढच्या वर्षी निष्कर्ष जाहीर केले. आत कवटी नाही, कणा नाही. वरचा भाग कागद, कापड आणि कापसाचा, त्यावर फुगा माशाची कातडी; खाली दुसऱ्या माशाची. काळ साधारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. म्हणजे चिठ्ठीतलं शतकही चुकीचं.

पण त्या मंदिरातल्या जलपरीला मी लबाडी म्हणायला धजत नाही. जिने हात जोडले त्या म्हातारीची फसवणूक झाली का? शाडूच्या गणपतीपुढे हात जोडणाऱ्याला, ही माती आहे, असं सांगून काय उपयोग? त्याला ते माहीतच असतं. तीच वस्तू बटाव्हियात डच व्यापाऱ्याच्या हाती पडली, तिच्यावर ५,००० डॉलरची चिठ्ठी लागली आणि ती लबाडी झाली. उलटही घडतं. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात असाच एक ‘मर्मन’ आहे. त्याचं सीटी स्कॅन झालं तेव्हा, अर्धं माकड अर्धा मासा ही जुनी समजूतही खोटी ठरली. आत लाकूड, तार, माती, कागदाचा लगदा आणि माशाचे भाग निघाले, माकड कुठेच नव्हतं. आज तो आपली खरी हकिगत सांगत काचेआड बसला आहे, आणि लोक मजेत पाहून जातात. अमेरिकेत वायोमिंगमध्ये १९३० च्या दशकात दोघा भावांनी सशाला हरणाची शिंगं लावून ‘जॅकलोप’ केला. आता तिकडच्या कितीतरी हॉटेलांच्या भिंतींवर तो असतो. तो खरा आहे असं सांगणारा आणि ऐकणारा, दोघेही हसत असतात. चिठ्ठी खरी असली की राक्षस निरुपद्रवी होतो, असा हा हिशेब.

हिशेबातून एक जण मात्र सुटतो: ज्याची कातडी, तो. आपल्याकडे ‘हत्थाजोडी’ नावाची वस्तू विकली जाते. जोडलेल्या हातांसारखी दिसणारी ही एका दुर्मिळ वनस्पतीची मुळी आहे, ती घरात ठेवली की लक्ष्मी नांदते, असं विकणारा सांगतो. २०१७ साली अभ्यासकांनी अशा वस्तू प्रयोगशाळेत तपासल्या. ते घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय निघालं, आणि काही नमुने तर त्याच्या साच्यातून काढलेले प्लास्टिकचे होते, म्हणजे नकलीची नक्कल. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला सर्वोच्च संरक्षण दिलेलं आहे. विकत घेणाऱ्यांत असेही शाकाहारी भाविक असतील, की जे मुंगीवर पाय पडू देणार नाहीत. त्यांच्या देव्हाऱ्यात, शेंदराच्या डबीत, एका मारलेल्या जनावराचा अवयव असतो. इथे चिठ्ठी खरी केली, ‘मुळी’ऐवजी ‘घोरपड’ लिहिलं, म्हणून सगळं ठीक होत नाही. पण चिठ्ठी खोटी होती म्हणूनच ती हत्या देव्हाऱ्यापर्यंत पोचली, हेही खरं.

तर दोष चिठ्ठीत, असं मी धरून चालले होते. भाषांतरकाराला ही भूमिका सोयीची असते. मुखपृष्ठावर ‘अनुवाद’ असं स्पष्ट छापलेलं असतं. आत कितीही टाके असले तरी चिठ्ठी खरी आहे, मग चिंता कसली?

या सोयीला धक्का दिला एका पक्ष्याने. मॅगेलनच्या मोहिमेतलं ‘व्हिक्टोरिया’ जहाज १५२२ साली स्पेनला परतलं तेव्हा त्यावर मोलुक्का बेटांतून भेट मिळालेल्या काही पक्ष्यांच्या वाळवलेल्या कातड्या होत्या. हे ‘बर्ड ऑफ पॅरडाइज’, स्वर्गपक्षी. (आपल्याकडच्या स्वर्गीय नर्तकाशी त्यांचा संबंध नाही.) न्यू गिनीच्या बाजूचे शिकारी पिसांसाठी या पक्ष्यांच्या कातड्या काढत तेव्हा पाय तोडून टाकत. पिसाऱ्याला पायांचा काय उपयोग? त्यात कुणाला फसवायचा हेतू नव्हता, कुणी खोटी चिठ्ठी जोडली नव्हती. पण युरोपात पोचलेल्या पक्ष्याला पाय नव्हते, म्हणून विद्वानांनी ठरवलं की याला पाय नसतातच. हा कधी जमिनीवर उतरत नाही, जन्मभर हवेत तरंगतो, दवावर जगतो. त्याच मोहिमेतल्या अंतोनियो पिगाफेत्ताने आपल्या वृत्तांतात या पक्ष्याचे पाय वितभर लांब आणि बोरूसारखे बारीक असतात, असं लिहून ठेवलं होतं. माणसाची साक्ष कातडीच्या साक्षीपुढे टिकली नाही. १७५८ साली लिनियसने त्यातल्या मोठ्या जातीला शास्त्रीय नाव दिलं ‘पॅराडिसिया अपोडा’, पाय नसलेला स्वर्गपक्षी. आजही तेच नाव आहे.

जलपरी जोडून केलेली होती, हा पक्षी कापून झाला. जोडलेलं निदान शोधता येतं. टाका सापडतो, गोंद सापडतो. कापलेल्या जागी सापडायला काहीच नसतं. उलट ते अधिक निर्मळ, अधिक सुंदर दिसतं. पाय असलेला पक्षी चिखलात उतरतो. पाय नसलेला थेट स्वर्गातला.

आता ते पत्र. दहाएक वर्षांपूर्वी मी एका बंगाली शिक्षिकेच्या आठवणींचं मराठी भाषांतर केलं. बाई हयात नव्हत्या. पुस्तक मला फार प्रिय होतं, अजूनही आहे. त्यात बालपणाच्या प्रकरणात दीड पानांचा एक प्रसंग होता. घरी अंगण झाडायला येणारी एक मुलगी, लेखिकेच्याच वयाची, पावसात ओट्याखाली उभी राहते. तिला वर घेत नाहीत. तिच्यासाठी वेगळी वाटी आहे, तिच्यात पावसाचं पाणी भरतं आणि घरातली मुलं ते पाहून हसतात. लेखिकाही हसते, आणि म्हातारपणी हे लिहितानाही तिचा सूर हसराच आहे. पश्चात्तापाचा एक शब्द नाही.

मी तो प्रसंग गाळला. मराठी वाचकाला बाईंबद्दल गैरसमज होईल, संपूर्ण पुस्तकाचा सूर असा नाही, दीड पानासाठी तीनशे पानांवर अन्याय नको, असं मी स्वतःला समजावलं. प्रकाशकांना सांगितलं नाही. आधीचा आणि नंतरचा परिच्छेद जुळत नव्हता, म्हणून मध्ये माझ्या पदरचं एक वाक्य घातलं: त्या वर्षी पाऊस फार झाला. टाका एकच आणि छान बसला. कुणालाच दिसला नाही.

पत्र महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठातल्या संशोधक विद्यार्थिनीचं होतं. भारतीय स्त्रियांच्या आठवणींवर ती पीएच.डी. करत होती. ‘मॅडम, तुमच्या भाषांतरामुळे या लेखिकेची ओळख झाली,’ असं तिने लिहिलं होतं. सोबत आपल्या प्रबंधाचं एक प्रकरण जोडलं होतं. त्या काळातल्या उच्चवर्णीय घरात वाढूनही या लेखिकेच्या बालपणात जातीचा वाराही लागलेला दिसत नाही, असा त्या प्रकरणाचा मुद्दा होता. पुराव्यादाखल तिने पावसाळ्याचं वर्णन दिलं होतं, माझ्या वाक्यासकट.

पाय नसलेला पक्षी मीच पाठवला होता आणि तिकडे त्याला नावही मिळालं होतं.

त्या रात्री मी मूळ पुस्तक काढून तो प्रसंग पुन्हा वाचला. तोपर्यंत मला वाटत होतं की मी लेखिकेचा एक डाग पुसला. मूळ पुस्तकात त्या मुलीला नाव आहे, आणि ते तेवढ्या एकाच ठिकाणी येतं. बहुधा जगातल्या कुठल्याही छापील पानावर ते दुसरीकडे नसेल. त्या घराने तिला ओट्यावर घेतलं नाही. लेखिकेने, हसत का होईना, पुस्तकात घेतलं. मी तिला तिथूनही बाहेर काढलं. जलपरीतल्या माकडाचा विचार कुणी करत नाही याचं मला वाईट वाटायचं. मग माझ्या कात्रीखाली कोण आलं, हे मला आठ वर्षं का दिसलं नाही?

आणि नुकसान इतक्यावर थांबत नाही. १७३५ साली तरुण लिनियस हॅम्बुर्गमध्ये होता. तिथल्या नगराध्यक्षाकडे सात डोक्यांचा एक प्रसिद्ध हायड्रा होता. त्याची किंमत प्रचंड सांगितली जात होती. मुंगसासारखा दिसणारा वीझल नावाचा जो प्राणी असतो, त्याचे जबडे आणि पंजे लावून वर सापाची कातडी चिकटवलेली आहे, हे लिनियसने ओळखलं आणि सांगून टाकलं. किंमत कोसळली आणि त्याने लगेच शहर सोडलं. आपण टाळ्या वाजवतो. पण त्याच वर्षी निघालेल्या त्याच्या ‘सिस्टेमा नातुरे’त ‘पॅराडॉक्सा’ म्हणून संशयास्पद प्राण्यांची एक यादी आहे. तिच्यात हायड्रा आहे, फिनिक्स आहे, आणि पेलिकनही आहे! पिलांना स्वतःचं रक्त पाजणारा पक्षी अशी पेलिकनची ख्याती होती. त्या भाकडकथेच्या संगतीने एक जिताजागता पक्षी खोट्यांच्या रांगेत जाऊन बसला.

प्लॅटिपसची गोष्ट याहून बोलकी आहे. १७९८ साली ऑस्ट्रेलियातून गव्हर्नर हंटरने त्याची कातडी इंग्लंडला पाठवली. बदकासारखी चोच, अंगावर मऊ लव, पायांना पडदे. १७९९ साली जॉर्ज शॉने त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, पण हे कुणी जोडून तर केलं नाही ना, ही शंका त्याला नोंदवावीच लागली. चोच शिवलेली आहे का ते पाहायला त्याने कात्री चालवली, असं म्हणतात. पुढे रॉबर्ट नॉक्सने या संशयाचं कारण सांगितलं. ही कातडी हिंदी महासागरातून आली होती, आणि त्याच वाटेने पूर्वेकडच्या बनावट जलपऱ्या येत असत. प्लॅटिपसने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. जलपऱ्या करणाऱ्यांना तर तो माहीतही नव्हता. पण त्यांच्या लबाडीचं बिल त्याच्या नावावर फाडलं गेलं.

बनावट प्राण्याने फसलेला माणूस पैसे घालवतो, हसं करून घेतो, ईड्ससारखं आयुष्यही घालवतो. तरी त्याचं नुकसान मोजता येतं. त्याच वाटेने मागून खरं घेऊन येणाऱ्याचं नुकसान मोजता येत नाही. भाषांतराचं पुस्तक वाचणारा मूळ भाषा जाणत नसतो, म्हणून तर तो भाषांतर वाचतो. त्याच्या हाती विश्वासाशिवाय काही नसतं. तो विश्वास माझ्या एकटीचा नाही; बंगालीतून मराठीत आणणाऱ्या सगळ्यांचा मिळून एक आहे. मी माझ्या वाट्याला आला नसलेला भाग विकला. ईड्सने जहाज विकलं तसाच.

विद्यार्थिनीला मी खरं लिहिलं. गाळलेली दीड पानं भाषांतरित करून पाठवली, माझं वाक्य कुठलं तेही सांगितलं. प्रकाशकांना कळवलं. ते आधी रागावले, मग म्हणाले, नव्या आवृत्तीत घालू, टीप तुम्हीच लिहा. टीप लिहायला मला ती दीड पानं भाषांतरित करण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

विद्यार्थिनीचं उत्तर आठ दिवसांनी आलं. प्रकरण नव्याने लिहावं लागेल, मार्गदर्शकांशी बोलते आहे, असं तिने लिहिलं होतं. राग कुठे दिसत नव्हता. शेवटी एक ओळ होती: ‘मॅडम, आणखी कुठे?’

आणखी कुठेही मी कापलं नव्हतं. तसं लिहिलंही. पण लिहिताना कळत होतं, की हे सांगणारी बाई तीच आहे. म्हणून बंगाली पुस्तकाच्या पानापानाचे फोटो काढून मी तिला पाठवले. तिच्या वसतिगृहात एक बंगाली मुलगी राहते. दोघी रविवारी बसून माझं भाषांतर मुळाशी ताडून पाहतात. चौथ्या प्रकरणापर्यंत पोचल्या आहेत, असं तिने परवा कळवलं.